कंपनीची स्ट्रॅटेजी बोर्डरूममधून सर्व्हरपर्यंत पोहोचते कशी? एंटरप्राइज आर्किटेक्चर सोप्या भाषेत

शुक्रवार, २० एप्रिल २०१८. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने संध्याकाळी आपल्या बऱ्याच सेवा बंद केल्या. बँक जुन्या कॉम्प्युटर सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर जाणार होती आणि हे काम वीकेंडला उरकायचं होतं. ग्राहकांना तसं आधी कळवलेलंही होतं.

रविवारी नवी सिस्टिम सुरू झाली आणि गोंधळालाही सुरुवात झाली. कुणाला लॉगिनच होईना. कुणाला ॲपमध्ये भलत्याच माणसाच्या खात्याचे तपशील दिसले. बँकेचे ५२ लाख ग्राहक होते, त्यातल्या १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येत नव्हतं. पगार जमा झाला का, घराचा हप्ता गेला का, काही कळायला मार्ग नाही. शाखेत जावं तर तिथलीही सिस्टिम अडलेली. सगळं सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला.

यातली विशेष गोष्ट अशी की ग्राहकांचा डेटा नव्या सिस्टिमवर नीट पोहोचला होता. ब्रिटनच्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने, म्हणजे एफसीएने, हे नंतर स्पष्टपणे नोंदवलं. कोसळली ती डेटा चालवणारी यंत्रणा.

मग चुकलं कुठे? 'स्वतःच्या सिस्टिमवर जायचं' हा बँकेचा निर्णय होता. तो निर्णय पेलायला काय काय लागेल आणि त्यातलं काय तयार आहे, हे निर्णय घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं. ही मधली जागा दाखवण्यासाठी जगभरच्या मोठ्या कंपन्या, बँका आणि सरकारं एक पद्धत वापरतात. तिचं नाव एंटरप्राइज आर्किटेक्चर. या नकाशात कंपनीची स्ट्रॅटेजी कशी मांडतात आणि ती मांडली नाही तर काय होतं, तेच आज समजून घेऊया.

## एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे नेमकं काय?

आर्किटेक्ट म्हटलं की आपल्याला बिल्डिंगचा आर्किटेक्ट आठवतो. पण शहराचा एक डीपीही असतो, म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन. रस्ता कुठून जाणार, पाण्याची टाकी कुठे येणार, शाळेसाठी कोणती जागा राखीव, हे त्यात ठरतं. एखादी बिल्डिंग कितीही देखणी असली, तरी ड्रेनेज लाइन चाळीस वर्षांपूर्वीचीच असेल तर पहिल्या मोठ्या पावसात तळमजल्यावर पाणी येतं.

कंपनीचंही तसंच असतं. प्रत्येक सॉफ्टवेअर ही एक बिल्डिंग, आणि सगळ्यांचा मिळून डीपी म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. त्यात साधारण चार थर असतात:

- कामकाज: कंपनी काय करते, कोण करतं, कोणत्या क्रमाने करतं.
- माहिती: या कामाला कोणता डेटा लागतो आणि तो कुठे ठेवलेला आहे.
- ॲप्लिकेशन: कोणती सॉफ्टवेअर वापरात आहेत आणि ती एकमेकांशी कशी जोडलेली आहेत.
- तंत्रज्ञान: खाली कोणते सर्व्हर, नेटवर्क आणि डेटा सेंटर आहेत.

ही कल्पना रूढ झाली ती आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॉन झॅकमन यांच्या १९८७ मधल्या लेखामुळे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आराखड्यावरून १९९५ मध्ये 'टोगाफ' ही पद्धत आली, आणि आज ती या क्षेत्रात सगळ्यात जास्त ओळखली जाते. १९९६ च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने अमेरिकेतल्या सरकारी खात्यांना आपल्या आयटीचं आर्किटेक्चर तयार ठेवणं बंधनकारक केलं. भारतातही केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०१८ मध्ये 'इंडिया' याच उच्चाराचं, पण 'इंडिया एंटरप्राइज आर्किटेक्चर'चं लघुरूप असलेलं एक फ्रेमवर्क आणलं. सरकारी खात्यांच्या वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकींशी बोलाव्यात, हा त्याचा हेतू.

## 'का?' हा प्रश्न उशिराच आला

या नकाशांमध्ये सुरुवातीला 'का' हा प्रश्नच नव्हता.

झॅकमन यांच्या १९८७ च्या तक्त्यात तीन रकाने होते: काय, कसं आणि कुठे. कोण, केव्हा आणि का हे रकाने १९९२ मध्ये, जॉन सोवा यांच्यासोबत लिहिलेल्या लेखातून आले.

आर्किमेट या चित्रभाषेचंही तेच झालं. इंजिनिअर जसे ठरलेल्या खुणांनी सर्किटचं चित्र काढतात, तशी कंपनीचं चित्र काढण्यासाठी ठरलेली खुणांची भाषा म्हणजे आर्किमेट. २००२ ते २००४ या काळात नेदरलँड्समधल्या एका संशोधन प्रकल्पात ती तयार झाली आणि २००९ मध्ये द ओपन ग्रुप या संस्थेने तिला मानक म्हणून स्वीकारलं. पहिल्या आवृत्तीत कामकाज, ॲप्लिकेशन आणि तंत्रज्ञान एवढेच थर होते. ध्येय, गरज, तत्त्व अशा खुणा २०१२ मध्ये आल्या. स्ट्रॅटेजीसाठी वेगळ्या खुणा यायला २०१६ साल उजाडलं आणि 'व्हॅल्यू स्ट्रीम' ही खूण तर २०१९ मध्ये जोडली गेली.

म्हणजे बरीच वर्षं आर्किटेक्ट मंडळींकडे सर्व्हर आणि सॉफ्टवेअरचे नकाशे होते, पण यातला कोणता सर्व्हर कंपनीच्या कोणत्या ध्येयासाठी आहे, हे त्या नकाशावर लिहायला जागाच नव्हती. स्ट्रॅटेजी पीपीटीमध्ये असायची, सिस्टिमचा नकाशा आयटी विभागात असायचा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी बघत नव्हतं.

## स्ट्रॅटेजीचं मॉडेल म्हणजे काय काढायचं?

एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या मावशीचं फराळाचं दुकान आहे. मावशी म्हणते, "यंदा दिवाळीचा फराळ अमेरिकेतल्या मराठी लोकांना पाठवायचा." झाली स्ट्रॅटेजी! आता आर्किमेटच्या भाषेत या एका वाक्याचे तुकडे करून बघू.

- स्टेकहोल्डर: ज्यांचं यात काही अडकलंय ते सगळे. मावशी, चकल्या करणाऱ्या बायका, अमेरिकेतला ग्राहक, कुरिअरवाला.
- ड्रायव्हर: हे करायला भाग पाडणारी परिस्थिती. गल्लीत तीन नवी दुकानं उघडली आणि इथली विक्री थांबली.
- ध्येय: परदेशी ग्राहकांकडून नवं उत्पन्न.
- आउटकम: मोजता येईल असा परिणाम. पहिल्या दिवाळीत दोनशे बॉक्स, तेही लक्ष्मीपूजनाच्या आधी पोहोचलेले.
- अटी आणि मर्यादा: विक्रीचे खाद्यपदार्थ अमेरिकेत पाठवताना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाला आधी सूचना द्यावी लागते. लाडू महिनाभर टिकायला हवेत.
- कोर्स ऑफ ॲक्शन: ध्येय गाठण्यासाठी निवडलेला मार्ग. स्वतः पाठवायचं की निर्यात करणाऱ्या एखाद्या कंपनीमार्फत?
- कॅपेबिलिटी: हा मार्ग चालण्यासाठी दुकानाला काय काय *जमायला* हवं. टिकाऊ पॅकिंग, निर्यातीची कागदपत्रं, परदेशातून पैसे स्वीकारणं, पार्सल कुठवर पोहोचलं हे सांगणं, तुटलेल्या बॉक्सची तक्रार सोडवणं.
- रिसोर्स: त्यासाठीची माणसं, पैसा, जागा, यंत्रं, करार.
- व्हॅल्यू स्ट्रीम: ग्राहकाच्या बाजूने दिसणारा प्रवास. वेबसाइटवर बघितलं, ऑर्डर दिली, पैसे भरले, बॉक्स आला, चकली कुरकुरीत निघाली.

या यादीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द कोणता म्हणाल, तर कॅपेबिलिटी. मराठीत क्षमता. क्षमता म्हणजे विभाग नव्हे, सॉफ्टवेअरही नव्हे. 'परदेशातून पैसे स्वीकारणं' ही क्षमता आहे. ते काम भाचा लॅपटॉपवर करतो की पेमेंट गेटवे करतं, हा पुढचा प्रश्न. माणसं बदलतात, सॉफ्टवेअर बदलतं, पण क्षमतांची यादी बऱ्यापैकी तीच राहते. म्हणूनच स्ट्रॅटेजी आणि आयटी यांना जोडणारा सांधा म्हणून ती वापरतात. मॅनेजरला ती समजते आणि प्रोग्रामरलाही.

## रंग भरले की खरं चित्र दिसतं

क्षमतांची यादी झाली की तिच्यात रंग भरतात. जमतंय ते हिरवं, कसंबसं चाललंय ते पिवळं, जमतच नाही ते लाल. याला कॅपेबिलिटी हीट मॅप म्हणतात.

मावशीच्या दुकानात चव, उत्पादन आणि स्थानिक विक्री हिरवी निघेल. पॅकिंग पिवळं. निर्यातीची कागदपत्रं आणि पार्सलचा माग लाल. आता समजा मावशीने शिल्लक पैशातून नवीन चकली मशीन घ्यायचं ठरवलंय. मशीन चांगलंच आहे, पण ते हिरव्या चौकोनात जातंय. दिवाळीत बॉक्स अडकणार आहेत ते लाल चौकोनामुळे! पैसा कुठे घालायचा, हे कागद स्वतःच सांगतो.

पुढची पायरी बाणांची. आर्किमेटमध्ये एक बाण 'साकार करणं' दाखवतो: हे सॉफ्टवेअर या कामाला आधार देतं, ते काम ही क्षमता साकार करतं, ती क्षमता त्या मार्गाला लागते आणि तो मार्ग अमुक ध्येयाकडे नेतो. आणखी एक बाण असतो प्रभावाचा. त्यावर अधिक किंवा उणे अशी खूण करता येते. 'प्रत्येक बॉक्स हाताने तपासायचा' या तत्त्वाचा 'चव आणि दर्जा' या ध्येयावर प्रभाव अधिक, पण 'दिवाळीआधी पोहोचवायचं' या ध्येयावर उणे. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येत असतील तर ते असं उघड दिसतं.

चित्र पूर्ण झालं की ते दोन बाजूंनी वाचायचं.

वरून खाली: प्रत्येक ध्येयाखाली काहीतरी आहे ना? एखाद्या ध्येयाखाली क्षमता नसेल, किंवा क्षमतेखाली माणसं आणि यंत्रणा नसेल, तर ते ध्येय सध्या फक्त एक वाक्य आहे.

खालून वर: प्रत्येक सिस्टिम कोणत्या ध्येयासाठी आहे? वर काहीच जोडलेलं नसेल तर आपण दरवर्षी तिचं लायसन्स कशासाठी भरतोय?

## टीएसबीची साखळी कुठे तुटली?

आता पुन्हा ब्रिटनला जाऊ. थोडी पार्श्वभूमी.

टीएसबी आधी लॉइड्स बँकेत विलीन झालेली होती. २००८ च्या आर्थिक संकटात लॉइड्सला सरकारी मदत घ्यावी लागली आणि त्या बदल्यात युरोपीय आयोगाने काही शाखा वेगळ्या काढायला लावल्या. त्यातून २०१३ मध्ये टीएसबी पुन्हा स्वतंत्र बँक म्हणून उभी राहिली. २०१५ मध्ये स्पेनच्या सबाडेल बँकेने ती सुमारे १७० कोटी पाउंडांना विकत घेतली. पण बँकेची कॉम्प्युटर सिस्टिम मात्र अजूनही लॉइड्सचीच, पैसे मोजून वापरलेली. भाड्याच्या घरात राहून दुकान चालवावं, आणि घरमालक म्हणजे समोरचाच स्पर्धक!

पुढची मांडणी टीएसबीच्या अंतर्गत कागदांतली नाही. चौकशीतून जाहीर झालेली माहिती आम्ही वरच्या चौकटीत बसवून पाहिली आहे.

ड्रायव्हर: लॉइड्सवरचं अवलंबित्व आणि त्याचा खर्च.

ध्येय: स्वतःची सिस्टिम. सबाडेलच्या 'प्रोटिओ' सिस्टिमवरून ब्रिटनसाठी बेतलेली नवी आवृत्ती. यात वावगं काहीच नाही. कुठल्याही बँकेने हेच ठरवलं असतं.

कोर्स ऑफ ॲक्शन: ग्राहक टप्प्याटप्प्याने हलवायचे की बहुतांश काम एकाच वीकेंडला? बँकेने मुख्यतः एकाच झटक्याचा मार्ग निवडला. या मार्गाला मागे फिरायला फारशी वाट नसते, त्यामुळे खालच्या क्षमता आधीपासूनच हिरव्या असाव्या लागतात.

क्षमता: इथे साखळी कमजोर होती. लाखो लोक एकदम लॉगिन करतील तेव्हाचा भार तपासणं, पुरवठादारांवर लक्ष ठेवणं आणि काही बिघडलंच तर ग्राहकांना सांभाळून घेणं, या तिन्ही क्षमता लागणार होत्या. सिस्टिम बांधण्याचं आणि चालवण्याचं काम सबाडेलची आयटी कंपनी 'साबिस' करत होती. साबिस पुढे ८५ बाहेरच्या पुरवठादारांवर अवलंबून होती. या पुरवठादारांची खरोखर तयारी झाली आहे का, याची पुरेशी खातरजमा झाली नव्हती, असं नियामकांना आढळलं.

तंत्रज्ञान: नवी सिस्टिम दोन डेटा सेंटरवर एकाच वेळी चालणार होती. बँकेच्या बोर्डाने नेमलेल्या स्लॉटर अँड मे या लॉ फर्मचा अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये आला. त्यानुसार भाराची चाचणी दोनपैकी एकाच डेटा सेंटरवर झाली होती.

तारखेचंही तेच. सिस्टिम बदलण्याचा पहिला मुहूर्त नोव्हेंबर २०१७ चा होता. तो चुकणार हे सप्टेंबरमध्ये स्पष्ट झालं आणि काम पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत नेलं गेलं. काही कामं सात महिन्यांपर्यंत मागे असताना मुहूर्त साधारण चारच महिने पुढे कसा, हा प्रश्न बोर्डाने विचारायला हवा होता, असं अहवाल म्हणतो. आधी शेवटची तारीख ठरली आणि मग उरलेली कामं त्या तारखेच्या आत कोंबली गेली. प्रभावाच्या बाणांच्या भाषेत सांगायचं तर 'तारीख पाळणं' या ध्येयाचा 'पूर्ण चाचणी' या गरजेवर मोठा उणे परिणाम होत होता.

किंमत काय पडली? २०१८ मध्ये या गोंधळामुळे बँकेला सुमारे ३३ कोटी पाउंडांचा फटका बसला आणि जवळपास ८० हजार ग्राहक दुसऱ्या बँकेत गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये सीईओंनी पद सोडलं. पुढच्या वर्षभरात तक्रारी आल्या २ लाख २५ हजार ४९२. ग्राहकांना भरपाईपोटी ३ कोटी २७ लाख पाउंड द्यावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये दोन नियामकांनी मिळून ४ कोटी ८६ लाख ५० हजार पाउंडांचा दंड ठोठावला. आणि एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाच्या चीफ इन्फर्मेशन ऑफिसरला वैयक्तिक ८१,६२० पाउंड दंड झाला. पुरवठादाराच्या तयारीची खात्री करून घेण्यात कमी पडल्याचा ठपका त्यांच्यावर होता.

एखादं आर्किटेक्चर मॉडेल असतं तर हे टळलं असतं का? छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दुसऱ्या डेटा सेंटरच्या चौकोनासमोर 'चाचणी: नाही' असं बोर्डाच्या टेबलावर लिहिलेलं असतं, तर 'हो, जाऊया' म्हणणं नक्कीच अवघड गेलं असतं.

## आपल्याकडे असं काही झालंय?

टीएसबीसारखा प्रकार नव्हे, पण हाच धागा असलेलं एक प्रकरण मुंबईत मुख्यालय असलेल्या बँकेचं आहे.

२४ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला दोन गोष्टी तातडीने थांबवायला सांगितल्या: ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक जोडणं, आणि नवी क्रेडिट कार्डं देणं. जुन्या ग्राहकांच्या सेवा सुरूच राहिल्या. २०२२ आणि २०२३ मध्ये केलेल्या आयटी तपासणीत गंभीर त्रुटी आढळल्या आणि त्या वेळेत दूर झाल्या नाहीत, असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं होतं.

या आदेशातला एक मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो. बँकेच्या वाढीच्या प्रमाणात तिच्या आयटी यंत्रणा आणि नियंत्रणं उभी राहिली नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने म्हटलं. डिजिटल व्यवहार झपाट्याने वाढत होते आणि यंत्रणेवरचा ताणही वाढत होता. म्हणजे वरच्या चौकोनात 'डिजिटलमधून वाढ' आणि खालच्या चौकोनात ती पेलण्याची अपुरी क्षमता. त्रुटींच्या यादीत आयटी इन्व्हेंटरीचं व्यवस्थापनही होतं, म्हणजे आपल्याकडे कोणती यंत्रणा कुठे आहे याची नोंद. एंटरप्राइज आर्किटेक्चरची पहिली पायरी नेमकी हीच असते.

बँकेने सुधारणा केल्या आणि १२ फेब्रुवारी २०२५ रोजी निर्बंध उठले. मधले साडेनऊ महिने मात्र डिजिटल मार्गाने नवे ग्राहक जोडता आले नाहीत.

रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ रोजी आयटी कारभाराबाबत निर्देश जारी केले होते, ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यात बोर्ड पातळीवर आयटी स्ट्रॅटेजी कमिटी असावी आणि संस्थेची आयटी स्ट्रॅटेजी तिच्या एकूण स्ट्रॅटेजीशी जुळते की नाही हे या कमिटीने बघावं, अशी तरतूद आहे. म्हणजे वरचा चौकोन आणि खालचा चौकोन जोडण्याची जबाबदारी आता थेट बोर्डावर आली.

## हे करायला कोणती साधनं वापरतात?

नावं बरीच आहेत, पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. गल्लत होऊ नये म्हणून ही छोटी यादी:

- बिझनेस मॉडेल कॅनव्हास: ॲलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांनी लोकप्रिय केलेला नऊ चौकटींचा तक्ता. धंदा पैसे कसे कमावतो, हे एका पानावर.
- बॅलन्स्ड स्कोअरकार्ड आणि स्ट्रॅटेजी मॅप: रॉबर्ट कॅप्लन आणि डेव्हिड नॉर्टन यांची १९९२ पासूनची पद्धत. आर्थिक बाजू, ग्राहक, अंतर्गत कामकाज आणि शिकणं या चार अंगांनी ध्येयं मोजायची.
- टोगाफ: आर्किटेक्चर टप्प्याटप्प्याने कसं उभं करायचं याची कार्यपद्धती.
- आर्किमेट: हे सगळं एकाच चित्रात मांडण्याची भाषा.

पहिल्या दोन पद्धती स्ट्रॅटेजी ठरवायला आणि मोजायला मदत करतात. शेवटच्या दोन ती सर्व्हरपर्यंत जोडून देतात. एकामुळे दुसरी रद्द होत नाही. शिकायचं असेल तर 'आर्ची' नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात आर्किमेटची चित्रं काढता येतात. लहान संस्थेला तर एक एक्सेल शीट आणि तीन रंगसुद्धा पुरतात.

## मग चित्र काढलं की झालं?

नाही. या पद्धतीवर होणारी टीका खरी आहे आणि ती माहीत असलेली बरी.

एक, चित्र म्हणजे स्ट्रॅटेजी नव्हे. दिशाच चुकीची असेल तर मॉडेल ती चुकीची दिशा फार नीटनेटकी दाखवेल. अमेरिकेत फराळाला मागणीच नसेल तर क्षमतांचे चौकोन हिरवे असून काय उपयोग?

दोन, चित्र शिळं होतं. सिस्टिम दर महिन्याला बदलतात. सहा महिन्यांपूर्वीचा नकाशा बघून घेतलेला निर्णय जुन्या बस टाइमटेबलवर विसंबून स्टँडवर जाण्यासारखा आहे.

तीन, चौकोनांचं जंगल. काही कंपन्यांत शेकडो चौकोनांची चित्रं निघतात आणि ती काढणाऱ्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत. बोर्डासमोर ठेवायच्या चित्रात वीस-पंचवीस क्षमता पुष्कळ झाल्या.

चार, आणि सगळ्यात महत्त्वाचं, रंग कोण भरतं? आपल्याच विभागाचा चौकोन लाल रंगवायला धाडस लागतं. साहेबांना आवडणार नाही म्हणून लाल जागी पिवळा भरला की अख्खं मॉडेल खोटं होतं. म्हणून रंगामागे पुरावा मागायला हवा: चाचणी कधी झाली, कुणी केली, किती भारावर केली, निकाल कुठे आहे.

## याच्याशी आपला काय संबंध?

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांमधली कितीतरी मुलं-मुली परदेशी बँकांच्या अशाच सिस्टिम हलवण्याच्या कामात असतात. त्यातल्या अनेकांना आपण लिहितोय तो कोड कोणत्या ध्येयासाठी आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही त्यांच्यापैकी असाल तर पुढच्या मीटिंगमध्ये हे तीन प्रश्न विचारून बघा:

१. हा प्रोजेक्ट कंपनीच्या कोणत्या ध्येयासाठी आहे, आणि ते पूर्ण झालं हे मोजणार कसं?
२. त्यासाठी कोणत्या क्षमता लागतील आणि त्यातल्या आज कोणत्या लाल आहेत?
३. ठरलेल्या तारखेलाही त्या लालच असतील, तर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कुणाकडे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक चित्रांत सापडत नाही. ते माणसांनी आधीच ठरवून ठेवावं लागतं. टीएसबीच्या ग्राहकांनी कुठलंही मॉडेल पाहिलेलं नव्हतं, पण त्या प्रश्नाचं उत्तर वेळेत न मिळाल्याचा भुर्दंड त्यांनी एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत सोसला.